कोंबड्यांच्या गादीसाठी वखारीतला भुसा: दोन वर्षांचा अनुभव

गेली दोन वर्षे मी माझ्या गिरिराज जातीच्या कोंबड्यांच्या शेडमधल्या गादीसाठी, म्हणजे जमिनीवर पसरायच्या थरासाठी, चिपळूण तालुक्यातल्या एका लाकडाच्या वखारीतून भुसा आणतो आहे. या वखारीची मोठी जमेची बाजू अशी, की तिथे बँडसॉचा (पट्टीच्या करवतीचा) भुसा, गोल करवतीचा भुसा आणि रंध्याचे छिलके यांचे ढीग वेगवेगळे ठेवलेले असतात आणि कोणता माल कोणत्या यंत्राखालचा आहे हे विचारल्यावर नीट सांगितले जाते.

याचे महत्त्व मला पहिल्या बॅचला कळले. त्याआधी दुसऱ्या एका ठिकाणाहून मी 'सागाचा भुसा' म्हणून जी पोती उचलली होती, त्यांत पॉलिश पेपरच्या यंत्राखालची पिठासारखी पूड मिसळलेली निघाली. पिल्ले पाय मारू लागताच ती पूड हवेत उडे, बल्बच्या उजेडात धुके दिसे, आणि तिसऱ्या दिवसापासून पिल्ले शिंकू लागली. लाकडाच्या धुळीची नोंद आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्ये माणसासाठी कर्करोगकारक म्हणून केलेली आहे, त्यामुळे गादी पसरताना आपणही नाकावर मास्क बांधणे आवश्यक आहे.

एकाच लाकडाचा भुसा करवतीप्रमाणे किती बदलतो, हे हातात घेतल्यावर लगेच लक्षात येते. ओंडका उभा चिरताना दात तंतूंच्या दिशेने चालतात, म्हणून भुसा लांबट आणि तंतुमय निघतो. आडव्या कापात तंतू तुटत जातात आणि रव्यासारखे आखूड कण पडतात. दात बोथट झाले किंवा लाकूड हळू सरकवले, की कापण्याऐवजी घासणे वाढते आणि बारीक पूडही वाढते. मी दहा लिटरची बादली न दाबता भरून तोलून पाहिली: रंध्याचे सुके छिलके जेमतेम एक किलो, तर वाळवलेला बँडसॉचा भुसा सुमारे दोन किलो भरला. छिलक्यांमध्ये हवा खेळती राहते, गादी उलथायला सोपी जाते आणि तिचे ढेप होत नाही. बारीक भुसा ओल पटकन ओढतो खरा, पण पाण्याच्या भांड्याखाली त्याचा चिखल होतो, आणि ओल्या गादीत अमोनियाचा वास व रक्ती हगवण दोन्ही वाढतात.

ओलाव्याचे कारणही यंत्रातच आहे. बँडसॉवर बहुधा ताजे ओंडके चिरले जातात, तर रंधा वाळलेल्या फळ्यांवर चालतो. म्हणून बँडसॉचा भुसा वजनावर घेतला तर आपण पाण्याचेही पैसे मोजतो. तो पोत्याच्या हिशेबानेच घ्यावा आणि ताडपत्रीवर पातळ पसरून उन्हात वाळवावा. आंब्याच्या ओल्या भुशाला लवकर बुरशी धरते आणि ती पिल्लांच्या फुप्फुसांना घातक ठरते. सागाचा भुसा तेलकट असल्याने तुलनेने टिकतो, पण ओल कमी शोषतो.

आता मी खाली छिलक्यांचा जाड थर देतो, वर थोडा वाळवलेला भुसा टाकतो आणि पिल्लांनी तो खाऊ नये म्हणून पहिले काही दिवस वर्तमानपत्र अंथरतो. या पद्धतीने गेल्या तीन बॅचमध्ये गादी कोरडी राहिली.

माल आणि वागणूक यांसाठी मी या वखारीला पाचपैकी चार गुण देईन. एक गुण कापला तो बँडसॉच्या ढिगावर छप्पर नसल्यामुळे. जून ते सप्टेंबर तिथला भुसा घेण्यात अर्थ नसतो, म्हणून चार महिन्यांची पोती मी मे महिन्यातच भरून आणतो.