किलोवॅटचा सॉलिड स्टेट लिनियर, आणि त्याचे अलार्म

बरेच दिवस वापरून झाल्यावर लिहितोय. हॅम रेडिओच्या एचएफ (शॉर्टवेव्ह) बँडचा किलोवॅट लिनियर आहे, म्हणजे रेडिओची पॉवर वाढवून अँटेनाला देणारा ॲम्प्लिफायर, आत एलडीमॉस ट्रान्झिस्टर, ५० व्होल्टचा सप्लाय, रेडिओकडून साधारण ३५ वॅट ड्राइव्ह (इनपुट पॉवर) दिला की पूर्ण पॉवर. पॉवर सगळेच देतात हो, त्यात काही विशेष नाही. मला हा आवडला तो प्रोटेक्शनमुळे, कारण ट्रिप झाला (स्वतःला वाचवायला बंद पडला) की नुसता लाल दिवा लावून गप्प बसत नाही, नक्की काय झालं ते स्क्रीनवर लिहितो आणि त्या क्षणाचा आकडा तसाच धरून ठेवतो. स्वतःहून परत ऑपरेटला जात नाही, तुम्ही बटण दाबेपर्यंत स्टँडबायमध्येच (पॉवर न वाढवता, रेडिओ सरळ अँटेनाला) राहतो, आणि हे असंच पाहिजे.

सगळ्यात जास्त येतो तो एसडब्ल्यूआरचा अलार्म, एसडब्ल्यूआर म्हणजे अँटेनाकडून किती पॉवर परत येते त्याचं माप. २:१ ला साधारण ११ टक्के पॉवर परत येते, ३:१ ला २५ टक्के, म्हणजे किलोवॅटला अडीचशे वॅट, त्यामुळे तो कट मारतो ते बरोबरच आहे. आता इथे लोक काय करतात, रीसेट दाबतात आणि परत पूर्ण पॉवर मारतात. कृपा करून असं करू नका. स्टँडबायमध्येच राहा, रेडिओ १० वॅटवर आणा आणि एसडब्ल्यूआर बघा. तेव्हाही खराब असेल तर अँटेना किंवा तिची कोॲक्स केबल बघायची. पण १० वॅटला छान आणि पॉवर चढली की ट्रिप, तर ट्रिप कसा झाला ते आठवा, हळूहळू चढत गेला असेल तर बॅलनचा (केबल आणि अँटेना जुळवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचा) कोअर तापतोय, एकदम उडी मारली असेल तर कुठेतरी कनेक्टरमध्ये स्पार्किंग होतंय किंवा जोड ढिला आहे. मीटर डोळ्यासमोर हलताना दिसतो म्हणून हे कळतं, तेवढ्यासाठी तरी या डिस्प्लेला पैकीच्या पैकी.

दुसरा ओव्हरड्राइव्हचा, आणि हा डोकं खातो. रेडिओ ३५ वॅटवर सेट आहे तरी लिनियर म्हणतो ड्राइव्ह जास्त. लिनियर खोटं बोलत नाहीये!! बऱ्याच १०० वॅटच्या रेडिओंमध्ये पीटीटी (बोलायचं बटण) दाबल्यावर पहिले काही मिलिसेकंद एएलसी (पॉवर आवरणारं सर्किट) पकड घ्यायच्या आत जवळपास पूर्ण पॉवरचा झटका बाहेर येतो, तुमच्या मीटरला तो दिसतसुद्धा नाही पण याचं सर्किट पकडतं. उपाय म्हणजे मध्ये ३ डीबीचा ॲटेन्युएटर (पॉवर अर्धी करणारा) टाकायचा आणि रेडिओ ७० वॅटवर चालवायचा, मग १०० चा झटका आला तरी लिनियरपर्यंत ५० च पोचतात. ॲटेन्युएटर तेवढी उष्णता पेलणारा घ्या, ३५ वॅट त्याच्यातच जिरणार आहेत. रिसीव्हलाही ३ डीबी जातात पण खालच्या बँडवर नॉइज एवढा असतो की फरक कळत नाही.

तापमानाचं म्हणाल तर एसएसबीवर (बोलण्याच्या मोडवर) कधी प्रश्नच येत नाही. एफटी८ या डिजिटल मोडवर मात्र दर १५ सेकंदांच्या पाळीत साडेबारा सेकंदांहून जास्त सलग कॅरियर, तिथे हा तापतो, आधी पंखा जोरात होतो, मग वॉर्निंग, मग ट्रिप, आणि वॉर्निंग आणि ट्रिपमध्ये वेळ पुरेसा देतो हे चांगलं. नुसता ड्राइव्ह कमी करून फार फायदा होत नाही बरं का, कारण कमी पॉवरला एफिशियन्सीही पडते आणि उष्णता तेवढीच राहते, कधीकधी वाढते पण. याच्यात लो पॉवर मोड आहे तो ड्रेन व्होल्टेजच (ट्रान्झिस्टरला मिळणारं व्होल्टेज) खाली आणतो, तो लावा. अर्ध्या पॉवरने समोरच्याकडे सिग्नल मीटरवर अर्धा एस पॉइंट कमी होतो, बस.

चुकीच्या बँडचा अलार्म (रेडिओ एका बँडवर, लिनियर दुसऱ्या) बँड कळवणाऱ्या केबलने रेडिओ जोडला की जवळजवळ येतच नाही.

तक्रारी दोन. बीप फारच बारीक, हेडफोन लावला की ऐकूच येत नाही, त्यामुळे ट्रिप होऊनही माणूस बोलतच राहतो. आणि बंद करून चालू केला की जुने फॉल्ट पुसले जातात, त्यामुळे ट्रिप झाला की आधी स्क्रीनचा फोटो काढा मगच बटणाला हात लावा. पुढच्या फर्मवेअरमध्ये फॉल्टची यादी साठवायची सोय दिली तर मी पाचवा स्टारही देईन, सध्या चार.