परवाना निलंबित असताना घेतलेले सिम्युलेटर प्रशिक्षण

न्यायालयाने माझा खासगी वैमानिकाचा परवाना सहा महिन्यांसाठी निलंबित केला, तो योग्य कारणासाठी. ढगांखालून वाट काढताना मी वस्तीवर फार खाली आले होते आणि उपकरणांच्या आधारे उडण्याची पात्रता नसताना ढगात शिरले होते. दाट वस्तीवरून जाताना ६०० मीटर त्रिज्येतील सर्वांत उंच अडथळ्याच्याही वर किमान ३०० मीटर राहावे, हा आंतरराष्ट्रीय नियम मला तोंडपाठ होता. पण ढग खाली येत गेले तशी मीही खाली येत गेले. खाली घरांत असलेल्या माणसांचा जीव माझ्या अंदाजावर सोडता येणार नाही, असा आदेशाचा आशय होता. सिम्युलेटरवर बसायला परवाना लागत नाही, म्हणून या काळात मी एका केंद्रात सहा सत्रांचे पुनर्प्रशिक्षण घेतले.

पहिल्याच दिवशी प्रशिक्षकांनी आदेशाची प्रत मागितली, ती माझ्यासमोर पूर्ण वाचली आणि न्यायालयाने दाखवलेल्या प्रत्येक धोक्यासाठी कोणते सत्र घ्यायचे ते समासात पेन्सिलीने लिहिले. ठरीव अभ्यासक्रम माझ्या गळ्यात मारला गेला नाही, ही या सेवेची सर्वांत मोठी जमेची बाजू मला वाटते.

दुसऱ्या सत्रात विमानाचा विषयच नव्हता. डोळ्यांवर पट्टी बांधून मला फिरत्या खुर्चीत बसवले आणि ज्या दिशेला वळते आहे असे वाटेल त्या दिशेला अंगठा दाखवायला सांगितले. खुर्ची एकाच वेगाने फिरत राहिली आणि थोड्याच वेळात माझा अंगठा सरळ झाला, कारण मला वाटले की खुर्ची थांबली. ती खरोखर थांबली तेव्हा मात्र मी उलट्या दिशेने जोरात फिरते आहे असे वाटले आणि मी ठामपणे अंगठा तिकडे वळवला. अंतर्कर्णातील अर्धवर्तुळाकार नलिकांमधला द्रव वळण सुरू होताना मागे राहतो, मग नलिकांच्या वेगाने फिरू लागतो आणि वळणाची जाणीवच पुसली जाते. हे मी परीक्षेसाठी लिहिले होते. त्या खुर्चीत ते पहिल्यांदा पटले. १९५४ साली इलिनॉय विद्यापीठात केलेल्या प्रयोगात बाहेरचे दिसेनासे झाल्यावर २० प्रशिक्षणार्थींचा विमानावरचा ताबा सरासरी १७८ सेकंदांत सुटला होता. तिसऱ्या सत्रात माझा त्याहून लवकर सुटला.

पुढची दोन सत्रे मागे फिरण्यासाठी होती. नजर कृत्रिम क्षितिजावर, म्हणजे विमानाचा कल दाखवणाऱ्या उपकरणावर ठेवून, सेकंदाला ३ अंश या गतीने वळत, एका मिनिटात १८० अंश फिरून बाहेर पडायचे. मी उंची गमावत असे, कारण वळताना नजर खिडकीकडे जायची. प्रशिक्षक आवाज न चढवता दर वेळी तेवढेच सांगत. इतक्या संयमाने शिकवणारे मला याआधी भेटले नव्हते.

दोन उणिवा मात्र नोंदवायला हव्यात. येथील सिम्युलेटरमध्ये धुके बटण दाबताच येते, तर प्रत्यक्षात दृश्यमानता हळूहळू, आणखी थोडे पुढे जाऊन पाहू असे वाटायला लावत कमी होते. माझी चूक नेमकी त्या टप्प्यावर झाली होती आणि त्याचा सराव येथे फारसा झाला नाही. दुसरी उणीव कार्यालयाची. केंद्राचे प्रमाणपत्र दाखवले की परवाना लगेच परत मिळतो, असे मला फोनवर सांगितले गेले. हे चुकीचे आणि घातक आहे. मुदत संपेपर्यंत किंवा न्यायालयाने स्वतः आदेश बदलेपर्यंत निलंबन कायम राहते, त्या काळात उड्डाण केले तर तो वेगळा गुन्हा ठरू शकतो, आणि मुदत संपल्यावरही अनेक देशांत मागील ९० दिवसांत तीन उड्डाणे व तीन अवतरणे झाल्याशिवाय प्रवासी नेता येत नाहीत. प्रशिक्षकांना विचारले तेव्हा त्यांनी हे सर्व नीट समजावले. पण ते फोनवरच सांगायला हवे होते.

केवळ कागद हवा असलेल्यांनी येथे जाऊ नये. माझ्या निलंबनाचे सात आठवडे उरले आहेत आणि मी आणखी दोन सत्रे ठरवली आहेत. दोन्ही सत्रांत ढगाचा तळ प्रशिक्षकांनी मला न सांगता हाताने थोडा थोडा खाली आणावा, अशी विनंती मी केली आहे आणि त्यांनी ती मान्य केली आहे.