आंब्याच्या भुरीवर गंधक आणि बॅटरी पंप : घरच्या वाडीतील आठ महिन्यांचा अनुभव

वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यात, घरामागच्या वाडीत आमची आंब्याची आठ झाडे आहेत. त्यांत तीन दशहरी, दोन केशर, एक लंगडा, एक आम्रपाली आणि विहिरीकाठचा एक जुना गावरान आंबा आहे. मागच्या हंगामात जानेवारीच्या शेवटी दशहरीचा मोहोर पांढराशुभ्र दिसू लागला, तेव्हा यंदा बहर जोरात आहे असे समजून घरातले सगळे आनंदात होते. तो पांढरेपणा फुलांचा नसून भुरी या बुरशीच्या रोगाचा आहे हे ध्यानात येईपर्यंत पंधरा दिवस निघून गेले. तोवर मोहोर तपकिरी पडून हात लावताच झडू लागला होता आणि वाटाण्याएवढी धरलेली फळे देठासकट गळून झाडाखाली सडा पडला होता. अक्षय्य तृतीयेला पितरांच्या नैवेद्याच्या रसासाठी आंबे बाजारातून आणावे लागले, ही गोष्ट माझ्या सासऱ्यांच्या, मामाजींच्या, मनाला फार लागली. म्हणून या हंगामात मी स्वतः लक्ष घातले. नोव्हेंबरपासून जूनपर्यंत जे वापरले आणि जे दिसले, ते घरापुरती झाडे असणाऱ्यांना उपयोगी पडेल या हेतूने लिहीत आहे.

भुरीसाठी मी घेतलेल्या वस्तू मोजक्याच होत्या: पाण्यात मिसळणारे ८० टक्के गंधक एक किलो, हेक्साकोनॅझोल ५ टक्के या बुरशीनाशकाची लहान बाटली, आणि १६ लिटरचा पाठीवरचा बॅटरी पंप, सोबत वेगळी घेतलेली दहा फुटी नळी. दुकानात या सामानाबरोबर मोहोर वाढवणाऱ्या टॉनिकच्या दोन बाटल्याही माझ्यासमोर ठेवल्या गेल्या. त्यांत नेमके काय आहे हे लेबलवर कुठेही स्पष्ट लिहिलेले नव्हते, म्हणून मी त्या परत केल्या. भुरी ही बुरशी आहे आणि तिला बुरशीनाशकच लागते, एवढे मला तोपर्यंत समजले होते.

औषधापेक्षा मोठी गोष्ट वेळेची आहे, आणि ती मला शेजारच्या संत्रा बागायतदार भाऊंनी शिकवली. आमच्या भागात संत्र्याचा जो बहार आंब्याच्या मोहोराबरोबर फुटतो त्याला आंबिया बहार म्हणतात, त्यामुळे या दिवसांतली हवा कशी बदलते हे संत्रेवाल्यांना चांगले कळते. मी गंधकाची पिशवी दाखवली तेव्हा ते म्हणाले, "काकू, मोहोर उमलाच्या आंधीच मारा लागते. एकडाव पांढरं दिसलं, का मंग धावपळ करून काई फायदा नाई." त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे निघाले. गंधक झाडात शोषले जात नाही. ते मोहोराच्या पृष्ठभागावर राहते आणि तिथे येऊन पडलेला बुरशीचा बीजाणू रुजू देत नाही. म्हणजे बीजाणू येण्याआधी ते तिथे असले पाहिजे. करपा या दुसऱ्या रोगाच्या बुरशीला रुजण्यासाठी पानावर किंवा फुलावर ओल लागते, भुरीला ती लागत नाही. थंड रात्र, उबदार दिवस आणि मध्येच येणारे ढगाळ वातावरण मिळाले की ती वाऱ्याबरोबर एका झाडावरून दुसऱ्यावर जाते, आणि आपल्याकडचे पौष-माघाचे दिवस नेमके असेच असतात.

त्यामुळे डिसेंबरच्या मध्यापासून मी रोज सकाळी वाडीत एक फेरी मारू लागले. दशहरीच्या शेंड्यांतून मोहोराचे तुरे बोटभर लांब झाले, कळ्या अजून घट्ट मिटलेल्या होत्या, तेव्हा पहिली फवारणी केली. प्रमाण १० लिटर पाण्याला २० ग्रॅम गंधक, म्हणजे १६ लिटरच्या टाकीला ३२ ग्रॅम. सात झाडांना मिळून चार टाक्या लागल्या. उरलेला गावरान आंबा चाळीस फुटांच्या आसपास उंच आहे, तिथे आमची नळी पोहोचतच नाही.

पहिल्याच टाकीत माझी चूक झाली. मी गंधकाची भुकटी सरळ टाकीतल्या पाण्यावर ओतली. ती वर तरंगत राहिली, मग तिच्या गुठळ्या झाल्या आणि पाच मिनिटांत नोझल तुंबले. टाकी रिकामी करून तळ पाहिला तर तिथे पिवळ्या चिखलाचा थर बसला होता. तेव्हापासून मी जुन्या प्लॅस्टिकच्या मगात भुकटी घेते, चमचा-चमचा पाणी घालत लाकडी काडीने पिठल्याला बेसन कालवावे तशी कालवते, गुठळी राहिली नाही याची खात्री झाली की ते अर्ध्या भरलेल्या टाकीत गाळणीतून ओतते आणि मग वरचे पाणी भरते. हा मग आणि ही काडी फक्त याच कामाची असून फवारणीच्या खोलीबाहेर जात नाही. एवढे करूनही गंधक पाण्यात विरघळत नाही, केवळ मिसळलेले राहते, म्हणून दर दोन-चार मिनिटांनी पंप पाठीवरच हलवावा लागतो. हलवला नाही तर सुरुवातीच्या फांद्यांना नुसते पाणी आणि शेवटच्या फांद्यांना दाट गंधक जाते.

दुसरी फवारणी पंधरा-सोळा दिवसांनी हेक्साकोनॅझोलची केली, १० लिटरला ५ मिली. हे आंतरप्रवाही आहे, झाडाच्या ऊतींत शिरते, त्यामुळे थोडा शिरकाव झालेला असेल तरी काम करते. परंतु अशी औषधे वारंवार वापरली तर बुरशी त्यांना सरावते. गंधकाच्या बाबतीत ती भीती फारशी नाही, म्हणून मुख्य भार गंधकावर ठेवून हे फक्त एकदाच वापरले. मोहोर पूर्ण उमललेला असताना मात्र कोणतेही औषध मारले नाही. आंब्याच्या फुलांवर माश्या आणि मधमाश्या येतात आणि त्यांच्यामुळेच फळधारणा होते. त्या आठवड्यात दशहरीखाली उभे राहिले की डोक्यावर सतत गुणगुण ऐकू येत असे.

या सगळ्याचा फायदा झाला का, याचे सर्वांत स्पष्ट उत्तर मला एकाच झाडाने दिले. कुंपणाजवळच्या दशहरीच्या पूर्वेकडच्या फांद्यांवरून विजेची तार जाते. ओली नळी तारेच्या जवळ नेणे जिवावर बेतू शकते, त्यामुळे ती बाजू मी तिन्ही वेळा सोडून दिली. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात त्या बाजूच्या मोहोराचा एक तुरा खाली ओढून पाहिला. दांड्यावर आणि फुलाच्या तळाच्या हिरव्या पाकळ्यांवर पिठासारखी भुकटी होती, अंगठ्याने पुसली की निघत होती आणि खालचा भाग तपकिरी झालेला दिसत होता. पश्चिमेकडच्या तुऱ्याचा दांडा लालसर हिरवा, स्वच्छ होता आणि त्याला मोहरीएवढी फळे धरली होती. झाड एक, माती एक, पाणी एक, आणि मध्ये जेमतेम आठ फुटांचे अंतर. मार्चमध्ये तारेकडची बाजू जवळजवळ रिकामी होती आणि दुसऱ्या बाजूला कैऱ्या लोंबत होत्या.

तिसऱ्या फवारणीत माझ्याकडून दुसरी चूक झाली. फळे वाटाण्याएवढी झाल्यावर लगेच करायची ती फवारणी घरातल्या लग्नामुळे लांबली आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, तीही सकाळी अकरानंतर, हाती घेतली. त्या दिवशी ऊन चांगलेच तापले होते. दोन दिवसांनी केशरच्या कोवळ्या पालवीच्या कडा तांबूस होऊन वळल्या आणि काही फळांवर डाग पडले. पारा ३५ अंशांच्या घरात गेला की गंधक कोवळ्या भागाला भाजते, हे पिशवीवरील सूचनेतही लिहिलेले होते. विदर्भात फेब्रुवारी संपता संपता ही मर्यादा ओलांडली जाते, त्यामुळे गंधकाचा उपयोग आपल्याला जानेवारी आणि फेब्रुवारीतच, तोही सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करायला हवा. याच अनुषंगाने आणखी एक खबरदारी सांगणे आवश्यक आहे. घरी निंबोळी तेल वापरणारे बरेच जण आहेत. तेलाची फवारणी आणि गंधकाची फवारणी यांत किमान दोन आठवड्यांचे अंतर ठेवावे, नाहीतर पाने अशीच भाजतात.

गंधकाकडून नको ती अपेक्षाही ठेवू नये. तुडतुड्यांवर त्याचा काही परिणाम होत नाही. डिसेंबरच्या शेवटी लंगड्याची फांदी हलवली की पानांवर बारीक पाऊस पडल्यासारखी तडतड ऐकू यायची आणि पाचरीच्या आकाराचे करडे किडे भराभर उडायचे. हे मोहोरातील रस शोषतात आणि त्यांच्या अंगातून पडणाऱ्या चिकट्यावर पुढे काळी काजळी वाढते. त्यांच्यासाठी मी इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के, १० लिटरला ३ मिली, फुले उमलण्याआधी एकदाच वापरले. फुले उमलल्यावर हे औषध मधमाश्यांसाठी घातक असते, म्हणून नंतर पुन्हा हात लावला नाही. केशरच्या दोन फांद्यांवर मोहोर जाड होऊन कोबीसारखा गुच्छ झाला होता. तोही बुरशीचाच विकार आहे, पण फवारणीने बरा होत नाही. गुच्छाखाली वीतभर अंतर सोडून फांद्या कापल्या आणि जाळून टाकल्या.

बॅटरी पंपाविषयी माझे मत संमिश्र आहे. हाताने दांडा मारायच्या पंपापेक्षा त्याने खांदा खूप वाचतो, दाब एकसारखा राहतो आणि धुके बारीक पडते. भारनियमनामुळे चार्जिंगची वेळ मात्र आधी साधून ठेवावी लागते. भरलेला पंप वीस किलोच्या आसपास जातो, साठीच्या माणसाने तो एकट्याने उचलून पाठीवर घेऊ नये. मी तो ओट्यावर ठेवून भरते आणि तिथूनच पाठीला लावते. दहा फुटी नळी पूर्ण वर नेली की टोकाला दाब कमी होतो, त्यामुळे पंधरा-सोळा फुटांपलीकडच्या मोहोरावर थेंब पडतात, धुके पोहोचत नाही. चौथ्या महिन्यात नळीच्या जोडातले वायसर झिजून औषध मनगटावर गळू लागले. वायसर काही रुपयांचे आहे, पण ते वेळेवर बदलणे फार महत्त्वाचे आहे.

कारण २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजुरांचे जीव गेले, हे आपल्या भागात कोणी विसरलेले नाही. वाडी लहान आहे म्हणून औषध कमी विषारी होत नाही. मी पूर्ण बाह्यांचा जुना सदरा, हातमोजे, मास्क आणि चष्मा घातल्याशिवाय पंप पाठीला लावत नाही, वारा पाठीमागून येईल अशी उभी राहते आणि झाल्यावर ते कपडे वेगळे धुते. औषधाच्या पुडीवरील त्रिकोणाचा रंग प्रत्येकाने पाहावा. लाल सर्वांत विषारी, त्यानंतर पिवळा, मग निळा आणि हिरवा सर्वांत कमी. लाल त्रिकोणाचे औषध घरच्या वाडीत आणूच नये असे माझे ठाम मत आहे, कारण तिथे मुले खेळतात आणि गाय बांधलेली असते.

या हंगामात चांगले फळ आले, परंतु त्याचे सारे श्रेय मी गंधकाला देणार नाही. दशहरी आणि लंगडा ही झाडे मुळातच वर्षाआड भरघोस येतात आणि मागच्या वर्षी फळच धरले नव्हते, त्यामुळे यंदा ती भरणार होतीच. शिवाय ऑक्टोबरपासून आम्ही झाडांचे पाणी तोडले होते आणि फळे वाटाण्याएवढी झाल्यावरच पुन्हा आळ्यात पाणी सोडले. पूर्वी संत्र्याच्या पाण्याबरोबर आंब्यालाही हिवाळाभर पाणी जात असे, त्याने मोहोराऐवजी पालवीच फुटायची. मार्चअखेरच्या वादळी पावसात बऱ्याच कैऱ्या पडल्या, त्यांचे लोणचे आणि पन्हे झाले. गावरान आंब्याला काहीच फवारले नव्हते, तरी त्याच्या उन्हाकडच्या शेंड्यांना फळ धरले आणि आतल्या सावलीतला मोहोर भुरीने गेला. त्यावरून आत ऊन आणि वारा खेळता राहणे किती आवश्यक आहे हे मला दिसले. मे महिन्याच्या शेवटी मागच्या खोलीत आंबे पिकवण्यासाठी तणसात माच लावली आणि मामाजींनी पहिले पिकलेले फळ देवापुढे ठेवले. अक्षय्य तृतीया तोपर्यंत उलटून गेली होती, पण त्या दिवशीचे पन्हे घरच्या कैरीचे होते.

सध्या पाऊस सुरू होण्याआधी दशहरीच्या मधल्या, सावली करणाऱ्या फांद्या काढल्या आहेत आणि कापलेल्या जागी एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी या प्रमाणात बोर्डो पेस्ट तयार करून लावली आहे. पेस्टमध्ये लोखंडी सुरी थोडा वेळ बुडवून पाहिली, तिच्यावर तांबूस थर चढला म्हणून आणखी चुना घातला आणि दुसऱ्या वेळी सुरी स्वच्छ निघाल्यावरच ती लावली. एक किलो गंधकातले पाऊण किलो अजून शिल्लक आहे, ते कोरड्या डब्यात घट्ट बंद करून माळ्यावर ठेवले आहे. तारेखालच्या फांद्यांसाठी लाइनमनला सांगितले होते. त्याने वीज बंद करून दिल्यावर मागच्या आठवड्यात त्या कापून घेतल्या, आता पुढच्या पौषात ती बाजूही फवाऱ्याखाली येईल.