स्टीअरिंगचं ऑइल गळतंय: लीक-स्टॉप की सील किट?

भाच्याच्या पिकअपचं स्टीअरिंग वळवताना घुंइं करतं, दर आठवड्याला ऑइल घालावं लागतं. लीक-स्टॉप (गळती थांबवायला ऑइलमध्ये ओतायची औषधाची बाटली) ओतू की स्टीअरिंगच्या पंपाचं सील किट (आतल्या रबरी सीलांचा संच) बदलू, हा त्याचा प्रश्न.

बाबा रे, आधी गळती शोध. पाइप, क्लिपा, पंप पुसून घे, इंजिन चालू ठेवून कुणाला तरी स्टीअरिंग फिरवायला सांग. स्टीअरिंग ऑइलच्या टाकीत फेस दिसला तर हवा शिरतेय. क्लिपच ढिली निघाली तर दोन्ही खर्च वाचले!

बाटली स्वस्त. किटमध्ये मजुरी आणि बुडालेला दिवस जास्त लागतो.

टिकण्याचं म्हणशील, तर लीक-स्टॉप कडक पडलेलं रबर मऊ करून फुगवतं, एवढंच. चिरलेल्या पाइपावर त्याचा उपयोग नाही. पंपाच्या शाफ्टवर (फिरणाऱ्या दांड्यावर) चर पडली असेल तर नवं सीलही टिकत नाही. मग पंपच बदलावा.

किटनंतर पुढची चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून स्टीअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवत हवा काढावी लागते. ऑइल मॅन्युअलमधल्या ग्रेडचंच. ब्रेक ऑइल चुकूनही नको, सील खराब होतात.

सीलमधून नुसतं पाझरतंय आणि गाडी गावातच फिरते, तर बाटली चालेल. तू मात्र भरलेली गाडी रोज घाटातून नेतोस. तुला किटच.