फोंड्यातलं मूत्रविकार क्लिनिक : बाबांना दाखवलं, त्याचा अनुभव

बाबा ७१ वर्षांचे. रात्री चार-पाचदा उठायचे, वर ‘वयामुळे होतं’ म्हणून गप्प. पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीसाठीची रक्तचाचणी) वाढलेला निघाला, बायोप्सी झाली. रिपोर्टवर प्रोस्टेटचा कर्करोग, ग्लीसन (तो किती आक्रमक हे सांगणारा आकडा) ३+४=७. लॅबने कागद हातात ठेवला, समजावलं कुणी नाही.

इथल्या डॉक्टरांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागच्या बाजूला ग्रंथीचं चित्र काढलं. “काका, पहिला आकडा सर्वांत जास्त दिसणाऱ्या पेशीरचनेचा, दुसरा त्याखालोखाल. ४+३ केलं तरी सातच, पण तो जास्त आक्रमक.” बाबांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला.

मी विचारलं, अमेरिकेत कृष्णवर्णीय पुरुषांना हा कर्करोग जास्त होतो आणि मृत्यूचं प्रमाण गोऱ्यांच्या साधारण दुप्पट आहे, मग आपलं काय? घाई न करता बोलले. आठव्या गुणसूत्रावरचे काही जनुकीय बदल त्यांच्यात जास्त आढळतात. पण तपासणी आणि उपचार सारखे मिळाले की मृत्यूतली तफावत बरीच कमी होते, म्हणजे सगळा दोष रक्ताचा नाही. भारतात प्रमाण कमी, पण आपले बरेच रुग्ण हाडांपर्यंत पसरल्यावरच येतात. हे ऐकून फार वाईट वाटलं. वडिलांना किंवा भावाला झाला असेल तर तपासणीसाठी पन्नाशीची वाट पाहू नका, असं मलाही बजावलं.

बसायच्या जागेला लागूनच स्वच्छ संडास आहे, या रुग्णांना तो हवाच. लिफ्ट नाही, क्लिनिक पहिल्या मजल्यावर. सकाळी लवकर नंबर लावा आणि जुने पीएसए रिपोर्ट सोबत न्या, ते मागतातच.