आय-७ की आय-५? जुन्या लॅपटॉपचा भाव काढताना

समजा, टेबलावर दोन जुने लॅपटॉप आहेत. एक आय-७ (म्हणजे आतला इंटेलचा प्रोसेसर), मॉडेल ७५००यू, जपून वापरलेला, झाकणावर ओरखडाही नाही. दुसरा आय-५, मॉडेल ८२५०यू. कोपरा चेपलेला, कीबोर्डवरचं 'ए' अक्षर पुसून गेलेलं. दोघांतही ८ जीबी रॅम आणि एसएसडी.

मालक आय-७ला जास्त मागणार, कारण घेताना त्याला जास्त पडले होते. मी मात्र चेपलेल्याला वरचा भाव लावेन. पहिला प्रोसेसर २०१६चा, सातव्या पिढीचा, आत कोअर, म्हणजे काम करणारे भाग, दोनच. दुसरा २०१७चा, आठव्या पिढीचा, कोअर चार. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! त्यात विंडोज ११ अधिकृतपणे साधारण आठव्या पिढीपासूनच चालतं आणि विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. आडवाटेने सातव्या पिढीवरही ११ टाकता येतं, पण ते गिऱ्हाइकाला सांगायला हवं, आणि सांगितलं की भाव उतरतो. मग उरतात विंडोजऐवजी लिनक्स ही सिस्टिम वापरणारे, नाहीतर सुट्या भागांसाठी घेणारे.

बॅटरीत मात्र पारडं फिरू शकतं. विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढा. मूळ क्षमता ४८,००० मिलिवॅट-अवर आणि आता पूर्ण चार्जला २९,००० दिसत असेल, तर साठच टक्के जीव उरलाय. आय-५ची अशी गत असेल तर नव्या बॅटरीचा खर्च त्याच्या किमतीतून वजा धरा. स्वतः बदलून विकण्यात सहसा तेवढे पैसे सुटत नाहीत. टचपॅड वर उचललेला दिसला तर बॅटरी फुगली असण्याची शक्यता दाट. ती काढल्याशिवाय मशीन कुणाला देऊ नका.

आय-७ मी एक्स्चेंजमध्ये देऊन मोकळा होईन. तिथे भाव पडका मिळतो, वाढवलेल्या रॅमलाही फारसं कुणी विचारत नाही, पण रोज 'शेवटचे किती?' ऐकावं लागत नाही. आय-५ मात्र स्वतः जाहिरात टाकून विकेन, त्यासाठी ती कटकट सोसेन. भाव काढताना जाहिरातीतले आकडे बघून हुरळून जाऊ नका. ती मागणी असते, सौदा नव्हे. त्याच मॉडेलच्या ज्या जाहिराती महिनाभर तशाच पडून आहेत, त्यांच्या खाली आपला आकडा ठेवा. आणि चेपलेल्या कोपऱ्याचा फोटो सुरुवातीलाच टाका, नाहीतर माणूस दारात येऊन त्याच कोपऱ्यावर बोट ठेवून पैसे कापतो.