ओतावालो आणि मिंदो की कुस्को आणि मनू?

अँडीजमधले बाजार, तिथले विणकाम आणि मेघवन (डोंगरउतारावरचे सतत धुक्यात असणारे जंगल) हे तिन्ही आठ-दहा दिवसांच्या एकाच प्रवासात पाहायचे असेल, तर इक्वेडोरमधले ओतावालो आणि मिंदो किंवा पेरूमधले पिसाक, चिंचेरो आणि कुस्कोहून मनूच्या जंगलाकडे उतरणारा रस्ता, अशा दोन पर्यायांत बहुतेकांचे मन घोटाळते. मी दोन्ही प्रवास केले आहेत, आणि विणकामात पेरूचे पारडे जड आहे हे आधीच मान्य करतो.

चिंचेरोत बायका कमरेला बांधलेल्या मागावर विणतात. निवडुंगावरच्या कोचिनील किड्यापासून काढलेल्या लाल रंगात लिंबू पिळले की तो केशरीकडे कसा वळतो, हेही समोर करून दाखवतात. नक्षी कुठे काढून ठेवलेली नसते, ती बोटांना पाठ असते. त्या मानाने ओतावालोच्या पोंचो चौकातला बराचसा माल यंत्रमागावरचा असतो, आणि हाताने विणलेले हवे असेल तर शेजारच्या पेगुचे गावी विणकरांकडे जाणे बरे. (पिसाकमध्ये मात्र अल्पाका या प्राण्याच्या लोकरीची म्हणून घेतलेली शाल मला कृत्रिम धाग्याची मिळाली.) तरीही शनिवारी पहाटे ओतावालोत भरणारा जनावरांचा बाजार मला अधिक भावला, कारण तिथे लांब वेणीचे, किचवा या स्थानिक आदिवासी समाजाचे शेतकरी डुकराच्या पिल्लाचा भाव आपापसांत ठरवत असतात आणि तो बाजार प्रवाशांसाठी मांडलेला नसतो.

माझा निर्णय झाला तो मात्र रस्त्यामुळे. कुस्कोहून निघाल्यावर सुमारे ३,५०० मीटरवरची खिंड ओलांडून कोस्निपाता खोऱ्यात साधारण १,४०० मीटरपर्यंत उतरावे लागते, आणि दर काहीशे मीटरला झाडे व पक्षी बदलत जात असल्यामुळे हा उतार हेच त्या जंगलाचे खरे दर्शन असते. वाट एकच, तीही अरुंद. आम्ही खिंड ओलांडल्यावर पुढे दरड कोसळली, ती हटेपर्यंत दुपार सरली, आणि ज्या उतारासाठी इतक्या दूर आलो होतो तो आम्ही गाडीच्या दिव्यांच्या उजेडात उतरलो. परतताना विमान गाठायचे असल्याने मध्ये थांबता आले नाही. ती हळहळ अजून गेलेली नाही.

मिंदोला असा एकच डाव नसतो. गाव सुमारे १,२५० मीटरवर, राजधानी कीतोपासून दोन तासांच्या आसपास. वर तांदायापाच्या बाजूचे जंगलही जवळच असल्यामुळे एक सकाळ धुक्यात गेली तरी दुसरी हाताशी राहते. पेरूचा राष्ट्रीय पक्षी असलेला ‘कॉक ऑफ द रॉक’ इथल्या पश्चिम उतारावर नारिंगीऐवजी गडद लाल दिसतो, आणि पहाटेच्या अंधारात एकत्र जमलेल्या नरांचा कर्कश गलका तर अर्धा किलोमीटर आधीच ऐकू येतो. २०१३ साली नवी प्रजाती म्हणून नोंदला गेलेला ओलिंगितो हा रॅकूनच्या कुळातला लहान प्राणीही याच उतारावरचा. आम्हाला तो रात्री केळी खाताना दिसला.

कुणाला केवळ विणकामासाठीच जायचे असेल, किंवा मनूच्या सखल जंगलासाठी आणखी एक आठवडा काढता येत असेल, तर कदाचित पेरूच योग्य ठरेल. एरवी शुक्रवारी रात्री ओतावालोत मुक्काम करावा, शनिवारी पहाटे जनावरांचा बाजार आणि नंतर पोंचो चौक पाहून दुपारी मिंदोकडे निघावे, म्हणजे रविवारच्या पहाटे त्या लाल पक्ष्यांचा नाच गाठता येतो.